यजमान घरी आहेत का

शाल्मलीने लॅपटॉप पुढ्यात ठेवला नि म्हणाली,
आजोबा, तुम्ही जन्मभर हेच केलंत, आता फक्त वर बघा.
मी कसला आजोबा, तिच्या वडिलांचा मामा.
एकतीस वर्षं टेलिफोनच्या केबलला कान लावून बसलेला
पागधरे, फॉल्ट सेक्शन, दादर.

पडद्यावर निळ्या रेषा,
कांद्याच्या चकतीसारख्या एकात एक.
हा रेडिओ. ह्याला आवाज म्हणू नका, ती म्हणते,
पण मला दुसरा शब्द येत नाही.
खाली करड्या ठिपक्यांचा फोटो, इन्फ्रारेडचा.
त्यांतली एक दीर्घिका बोलतेय.
कुठली, ते आपण सांगायचं.
जी बोलते तिला म्हणे यजमान म्हणतात.

मला हसू आलं.
हिंदू कॉलनीत बेल वाजवली की
बायका आतूनच सांगायच्या, यजमान घरी नाहीत.

पहिला आठवडा सोपा गेला.
मग आलं हे :
दोन फुगे, एक ह्या टोकाला, एक त्या,
मधे दहा लाख प्रकाशवर्षं, असतील बापडी,
आणि साधारण मधोमध एक ठळक दीर्घिका,
शटर उघडलेल्या सोनाराच्या दुकानासारखी.
सगळ्यांनी तिच्यावरच बोट ठेवलेलं.

पण ठळक म्हणजे बहुतेक जवळची.
आणि जवळचाच बोलतो असं कुठाय?
हिच्या पोटात निळा कणसुद्धा नाही.

अठ्ठ्याण्णव साल. पारसी कॉलनी, मेहेरबाई दुबाश.
तक्रार : रात्री दोनला माझ्या फोनवर एक बाई रडते.
आमचे लोक म्हणाले, वरच्या मजल्यावरची असेल, तिथे रोज भांडणं.
वरच्या मजल्यावर फोनच नव्हता.
मी डीपी उघडला, पिलर उघडला,
टोनर लावून एकेक जोडी तपासत
हिंदमाताच्या खड्ड्यापर्यंत गेलो.
जॉइंटमध्ये पाणी. एकीचं दुसरीला लागलेलं.
दुसरी जोडी कागदावर चार वर्षं मेलेली,
कोणी तरी गुपचूप जिवंत करून घेतलेली.
पत्ता नाही, नाव नाही.
जॉइंट सुकवला, जोड्या वेगळ्या केल्या,
डॉकेटवर लिहिलं : दोष दूर.

तिसऱ्या दिवशी मेहेरबाईंचा फोन.
अरे पागधरे, लाइन तर एकदम साफ.
पण ती बाई? ती कशी आहे आता?

मी म्हटलं, बाई, ते आमच्या खात्यात येत नाही.

चित्र मोठं करतो. आणखी मोठं.
ह्या फुग्यापासून त्या फुग्यापर्यंत
गवंड्याने ओळंबा धरावा तशी नजर ताणतो.
रेघ ठळक दीर्घिकेच्या बाजूने जाते, अगदी जराशी बाजूने.
तिथे काही तरी आहे.
काचेवर ओलं बोट टेकून उचललेलं, एवढंच.
कॅमेऱ्याचा दोषही असेल.

नक्की? शाल्मली विचारते.
नक्की कसलं. हे निघालं तेव्हा मुंबई नव्हती,
सात बेटंही नव्हती, तार तर नव्हतीच.
जो बोलला तो अजून तिथे बसलाय का,
कोणाला विचारणार?

खाली कोणी तरी पाण्याचा पंप लावला. सहा वाजले.
यादीत तीनच पर्याय : सापडला, सापडला नाही, पुढे पाठवा.
शाल्मली नको नको म्हणत असताना
मी शेऱ्याच्या चौकटीत मराठीतच लिहिलं :
यजमान घरी असावेत. दार उघडत नाहीत.
तक्रार बंद करू नये.