पंक्चरवाल्याकडची हवा

खोक्यातून तो घडी घालून आला,
जांभळा, ढिला, वासराच्या जिभेसारखा.
सोबतचा पायपंप दुसऱ्याच दाबाला फुसकन बसला.
मग अंबादासनं तो खांद्यावर टाकून नेला
अशोक चौकात, मौलालीच्या टायरच्या दुकानी.

मौलालीनं विचारलं, "ट्रॅक्टरची ट्यूब हाय का?"
यानं खरं ते सांगितलं.
बाकड्यावरची चार माणसं एकदम गप्प.
मौलालीनं कॉम्प्रेसर मध्येच थांबवला,
अंगठ्यानं सगळीकडून दाबून पाहिलं,
म्हणाला, "थोडा मऊच ठेवतो. बाईमानूस बसनार."
पैसे घेतले नाहीत.

मे महिना. नळाला पाचव्या दिवशी पाणी.
भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे चार माग
टॉवेल विणत, खडाक खट, खडाक खट,
आणि अलीकडं फरशीवर ओलं फडकं,
फडक्यावर चेंडू, चेंडूवर मी,
पाय रोवून, कमरेनं हवेत
आठाचा आकडा गिरवत. आठवा महिनाच होता.
सिस्टरनं केसपेपरच्या मागं काढून दिलेलं:
आधी गोल, मग आठ, मग नुसतं हलणं.
पाठीत रुतलेला स्क्रू
एकेक आटा सैल व्हायचा.

सासूबाई दारात, सूप मांडीवर,
पानं कातरत, माझ्याकडं न बघता बघायच्या.
"आमी भरल्या दिवसांत हजार विड्या वळल्या रोजच्या.
चेंडूवर बसून कोन बाळंत होतंय?
पोर उड्या मारतच यायचं भाईर."
मी हसले तसा चेंडू हलला,
चेंडू हलला तसं पोट,
आणि पोटातून एक टाच, सरळ बरगडीत.
त्यांनी कात्री खाली ठेवली. "दिसली मला," म्हणाल्या.

एका रात्री वीज गेली. माग थांबले.
त्या शांततेनंच मला जाग आली.
पाणी प्यायला उठले, तर अंधारात
चेंडूवर कुणीतरी.
साडी गुडघ्यावर, दोन्ही हात भिंतीला,
एकेचाळीस वर्षं मांडी घालून बसलेली ती कंबर
हळू, फार हळू, गोल फिरत होती.
तोंडात बारीक तेलुगू,
लहानपणी आईला मारतात तसली हाक.
मी तहानलेलीच परत येऊन पडले.

कळा आल्या पहाटे चारला.
रिक्षात चेंडू मावेना.
हवा काढली तर भरायची कुठं?
अंबादास मागून स्कूटरवर, चेंडू पोटाशी धरून,
अख्ख्या साखर पेठेची कुत्री मागं.
वॉर्डातली आया म्हणाली, "काय सर्कस हाय का?"
सासूबाई म्हणाल्या, "व्हय. सरका."

मी चेंडूवर, कपाळ खाटेच्या कडेला.
त्या मागं स्टुलावर,
चेंडू निसटू नये म्हणून दोन्ही गुडघ्यांत पकडून,
माझ्या माकडहाडावर तळहात रेटत.
तंबाखूचा वास तीनदा धुऊनही न गेलेला.
कळ उठली की मोजायला लागायच्या,
विड्यांचा कट्टा बांधताना मोजतात तसं:
ओकटी, रेंडू, मूडू…
पंचविसाचा कट्टा. कळ बाविसाला उतरायची.
मग वाढल्या. कट्टा पुरेना.
"दुसरा घिऊ," म्हणाल्या, आणि पुन्हा ओकटी.

दुखलं. खोटं कशाला सांगू?
फक्त दुखण्याला हलायला जागा होती.

मुलगी खाटेवरच झाली, सात वाजून दहाला.
तोवर चेंडू घरंगळत सिंकखाली गेला होता,
आणि आयेनं त्यावर एक ओला टॉवेल वाळत टाकला होता.

आता तो बराच बसलाय.
मौलाली विचारतो, आणा की, हवा मारतो.
सासूबाई पोरीला उराशी घेऊन त्याच्यावर डोलतात,
भिंतीपलीकडच्या मागांच्या तालात नाही, स्वतःच्याच.
म्हणतात, "ऱ्हाऊ दे. आत्ता बरूबर झालाय."

कुणाला, ते मी विचारलं नाही.