सातवा रकाना

फॉर्मवर पहिलं विचारलं होतं नाव.
गोरखचिंच, मी लिहिलं.
रखमाजी तांडेल म्हणाला, आम्ही याला हत्ती म्हणतो.
दाऊद होडेकर म्हणाला, आमच्यात मामू.
रकाना एकच होता.

घेर मोजायला टेप पुरला नाही.
दोघांनी जाळ्याची दोरी आणली,
खोडाभोवती फिरवली, गाठ मारली,
हे घ्या, तुमच्या साहेबाला द्या.

वय?
कुणी म्हणालं, किल्ल्याच्या आधीचं.
कुणी म्हणालं, हबशी खलाशाच्या
कमरेच्या कशातून सांडलेलं बी.
साखरवेळच्या शाळेतली एक मुलगी मध्येच बोलली,
आफ्रिकेतलं आहे ना,
मग याला घरची आठवण येते का?
त्यासाठी रकाना नव्हता.

सालीवरून हात फिरवताना बोटाला काही टोचलं.
तांब्याचा खिळा, अर्धा बाहेर.
नवी होडी पाण्यात ढकलताना
एक खिळा तिला, एक झाडाला.
जुने खिळे सालीने केव्हाच गिळले.
आत किती होड्या आहेत,
त्यातल्या किती परत आल्या,
झाडाला ठाऊक.
रखमाजीने एका जागी बोट टेकवलं
आणि काही न बोलता काढून घेतलं.

सातवा रकाना: ऐतिहासिक महत्त्व.
दोन ओळींची जागा.
मी पेन उघडून बसून राहिलो.
रात्री वटवाघळांनी पाडलेली फुलं
पायाशी काळी पडत होती,
शिळ्या भातासारखा वास.

इथून नाही दिसायचं, दाऊद म्हणाला.
चला.

मचवा बाऱ्याबाहेर गेला.
मला दोनदा उलटी झाली.
मग त्याने इंजिन बंद केलं.
किनारा म्हणजे एक निळसर रेघ,
सगळे माड सारखे, सगळी गावं सारखी,
आणि रेघेवर
नखाएवढं एकच काळं टिंब.

मशिदीचा मिनार हत्तीच्या पाठीवर बसला
की वळायचं. तोवर नाही.
अलीकडे खडपं, पलीकडे वाळू.
माझ्या आज्याला त्याच्या आज्याने सांगितलेलं.
हल्ली मोबाईलवर दिसतं सगळं,
पण मोबाईल भिजतो.

फॉर्मही भिजला होता.
सातव्या रकान्यात मी लिहिलं:
पाण्यावरून पाहावे.

तो परत आला, लाल शाईत:
तपशील अपुरा.

दोरी कुणी मागितली नाही.
माझ्या टेबलाच्या खणात आहे, गाठीसकट.
स्टेपलर काढायला हात घातला
की बोटांना मीठ लागतं.