कागद तुटला की

पूर्वी आमच्या गावाला वास होता.
सडक्या कोबीचा, थेट नाकात ठाण मांडणारा.
पाहुणे गाडीच्या काचा वर करायचे
आणि वडील म्हणायचे, घ्या छातीभरून,
हा पगाराचा वास आहे.

आता हवा स्वच्छ आहे.
इतकी, की कधीकधी झोप येत नाही.

चौथं यंत्र उतरवायला सात महिने लागले.
परदेशातून माणसं आली, नम्र, अबोल,
एकेका बोल्टवर खडूने आकडा घालणारी.
कुठला बोल्ट हट्टी, ते मीच दाखवलं त्यांना.
का दाखवलंस, हिल्क्काने विचारलं.
म्हटलं, तिकडे उगाच कुणाचा हात अडकेल.

मग कचेरीत एक मुलगी समोर बसली,
टेबलावर निवडुंगाची कुंडी.
वय? त्रेपन्न.
अनुभव? एकतीस वर्षं, कागद.
तिने यादी माझ्याकडे फिरवली:
संगणक, स्वयंपाक, शुश्रूषा.
बर्फ उपसणं यादीत नव्हतं,
नाहीतर मी तेच घेतलं असतं.

वर्गात अठरा बायका, मी, आणि एक रबरी म्हातारा
ज्याला आम्ही आळीपाळीने कुशीवर वळवायचो.
एकोणीस वर्षांची हीबो,
जिची आई मोगादिशूहून आली
आणि जी स्वतः आमच्याच बोलीत शिव्या हासडते,
म्हणाली, तौनो, चादरीला सुरकुती नको, पाठ सोलते.
हसलो मी. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच.
पोरी, आठ मीटर रुंद कागद,
मिनिटाला दीड किलोमीटर,
आणि सुरकुती नाही,
एवढं एकच तर येतं मला.

गिरणीच्या जागी आता बिनखिडक्यांची इमारत आहे.
आत कुणाकुणाचे फोटो, हिशेब, प्रेमपत्रं
तापत बसलेली असतात म्हणे,
आणि ती ऊब नळांतून पोहण्याच्या तलावात येते.
चौदा माणसं कामाला. आम्ही नऊशे होतो.
पाणी मात्र छान कोमट असतं, असं हिल्क्का सांगते.
ती दर बुधवारी जाते.
मी अजून गेलो नाही.

वृद्धाश्रमात, सात नंबरच्या खोलीत,
वेइक्को आहे. माझा मुकादम.
चार मिनिटं उशीर झाला म्हणून
एकदा त्याने माझा अर्धा रोज कापला होता.
आता मी त्याची नखं कापतो.

रात्री तीनच्या सुमाराला तो ताडकन उठून बसतो.
कागद तुटला!
(धावता कागद फाटत नाही, तुटतो.
आम्ही सगळे तसंच म्हणायचो.)
पहिल्या आठवड्यात मी शिकवल्याप्रमाणे बोललो:
तुम्ही तुमच्या खोलीत आहात,
आज मंगळवार, बाहेर उणे एकवीस.
तो रडला.

दुसऱ्या आठवड्यात बूट वाजवत गेलो.
चादरीचं टोक धरलं, ताणलं, गादीखाली खोचलं,
आणि यंत्राच्या आवाजावर ओरडावं
तसा ओरडलो,
जोडला!

त्याने कान दिला.
त्या बिनवासाच्या शांततेत
त्याला काय ऐकू आलं, ठाऊक नाही.
पण हात उचलून त्याने खूण केली:
वेग वाढव.

नोंद आता पडद्यावर बोटाने करायची असते.
खोली सात, तीन दहा, कागद सुरळीत.
पुसलं.
झोप सुरळीत.