काही नाही

ट्रॉम्सोच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
महिन्यातला एक मंगळवार
मी माझा उजवा हात देऊन बसते.
बसचं भाडं मिळतं, कॉफी मिळते, वेलदोड्याचा पाव.
बदल्यात हात हलवायचा नाही,
आणि त्या हाताला काहीच झालेलं नाही
हे मनाला लावून घ्यायचं नाही.

आजचा शिकाऊ डॉक्टर आइलू, काराशोकचा.
बुटांतून बर्फाचं पाणी गळतंय.
त्यानं जेल इतकं थापलं
की मधल्या बोटाच्या पेरावर थंडगार टेकडी.
"दाबू नकोस," टोरुनबाई मागून म्हणाल्या,
"सांध्यात थेंबभर पाणी असलं तर दाबाखाली सरकेल
आणि तू लिहिशील, नव्हतंच."

मग पडद्यावर माझं हाड उगवलं:
पांढरी ठसठशीत रेघ, गोलाईनं वळलेली,
तिच्याखाली मिट्ट. आवाज त्याच्या पलीकडे जात नाही.
रेघेच्या अंगाला लागून काळी बारीक किनार,
ती कूर्चा.
"काळं म्हणजे वाईट असं नाही. ही अशी काळी,
अशी एकसारखी असते, तेव्हाच धड असते."
दोन हाडांच्या खाचेत एक छोटी तिकोनी गादी.
सगळ्यात वर कंडरा,
ताणलेल्या लोकरीसारखी, तंतू न् तंतू मोजून घ्यावा.

आइलूचं मनगट जरासं कललं
आणि कंडरा अख्खी काळी पडली.
तो दचकला. "तुटलीय?"
"तिला काही झालं नाही रे, तूच तिरपा बघतोयस."
सरळ धरल्यावर ती परत आली,
कुठे गेलीच नव्हती अशी.

बाबांच्या होडीत असाच एक पडदा होता.
तळाची रेघ, रेघेखाली काळोख, वर पाणी.
ते त्याला डोळा लावून बसत.
आई रेडिओवर विचारायची, काय दिसतंय?
"काही नाही," म्हणायचे,
आणि त्या आठवड्यात साखर उधारीवर यायची.

बोट्सफ्योर्डच्या शेडमध्ये गुन्वर आणि मी
एकाच बाकाशी उभ्या राहून गळांना आमिष लावायचो.
एका टबाला चारशे-साडेचारशे गळ.
तिचा हात माझ्याहून चपळ. स्वतःचा टब संपवून
माझ्या दोराचं टोक ओढून घ्यायची, न विचारता.
चौतिसाव्या वर्षी तिची बोटं सकाळी मिटेनात.
पुढं उघडेनात.
तेच गारठलेलं मॅकरेल, तीच थंडी, तीच आई.
माझ्या वाट्याचं तिनंच ओढून घेतलं की काय,
असं मी कुणाला विचारलेलं नाही.

शेवटी आइलूनं रक्ताचा रंग चालू केला.
गुन्वरच्या पेरांवर तिथं निखारे फुलतात, मी पाहिलेत.
तो शोधत राहिला. पडदा राखाडी तो राखाडीच.
"बोट ठेवायला जागा नाही," म्हणाला
आणि लाजला, कारण बोट समोरच पडलं होतं.

चित्र देत नाहीत. त्यानं दिलं.

दुपारचे दोन, बाहेर रात्र.
गुन्वर माझ्या खालच्याच मजल्यावर राहते.
तिनं कागद दोन्ही तळव्यांत धरला, बोटांनी नव्हे,
आधी उलटा.
"काय आहे?"
"माझं मधलं बोट."
"काय सापडलं त्यांना?"
"काही नाही."
कागद फिरवून ती बराच वेळ बघत राहिली,
बाबा बघायचे तशी, मान थोडी पुढे.
"तळ चांगलाय," म्हणाली. "खडक नाही.
दोर सोडायला हरकत नाही इथं."

आणि हेरिंगची बरणी माझ्याकडे सरकवली.
झाकण घट्ट होतं.