फरक स्पष्ट करा (गुण ४)

कालिन्याच्या तपासणी केंद्रात, तिसरा गठ्ठा.
प्रश्न दोन, उपप्रश्न ब:
वेडेल सील आणि परजीवी तपकिरी शैवाल.
कुणी जुळवली ही जोडी, देव जाणे.
उंदीर आणि उंबरठा म्हणावं तसं.

बहुतेकांनी मधोमध रेघ मारली होती.
सील पोहतो, शैवाल पोहत नाही.
सीलला डोळे, शैवालाला नाहीत.
अर्धा अर्धा गुण देत गेलो.

आसन क्रमांक सातशे अकराने रेघच मारली नव्हती.
फुटक्या शाईत सलग लिहिलं होतं:
सील बर्फाला दातांनी भोक पाडतो,
नाकापुरतं, आणि ते बुजू देत नाही.
दात झिजतात. मग खाता येत नाही.
हे शैवाल दुसऱ्या मोठ्या शैवालाच्या अंगात शिरतं,
आत धागे पसरतं, उन्हावर जेवणं जवळजवळ विसरतं.
बाहेर दिसतो एक मखमली डाग.
भाडं दोघांचंही भरलं जातं, सर.
एक दातांनी भरतो,
दुसऱ्याचं यजमान.

‘सर’ नंतर खोडलं होतं.

चेंबूरला सुलूताईच्या गॅलरीत
माझी वळकटी, सात वर्षं.
भाऊजी बोलत काहीच नाहीत,
फक्त दुधाचा हिशेब हल्ली मोठ्याने करतात.
मी दाढांवरून जीभ फिरवली.
सगळ्या शाबूत.

नमुना उत्तरात भाडं नव्हतं.
साडेतीन दिले.
ठाकूरदेसाई बाई पडताळणीला आल्या, म्हणाल्या,
अर्धा कशाचा कापलात?

रेघ नाही मारली, म्हणालो.