इतिवृत्त

ठराव क्रमांक एकसष्ट:
मागचा दिवा बंद, काचेला तडा, आरशाला काही लटकवलेलं,
एवढ्यावरून पोलिसांनी यापुढे गाडी अडवू नये.
चर्चेसाठी खुला.

मी हार्लन फॉल्स नगरपरिषदेची कारकून.
बावीस वर्षं इतिवृत्त लिहिते.
माणसं बोलतात तसं नाही लिहायचं, गाळून लिहायचं.
हुंदक्याला स्वल्पविरामसुद्धा द्यायचा नाही.

माईकशी व्हर्लीन ओक्स, वय एकोणसत्तर,
शाळेची बस चालवून निवृत्त.
प्रत्येकाला तीन मिनिटं. टेबलावर छोटा सिग्नल:
हिरवा, मग पिवळा, मग लाल.

तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेला बल्ब काढला.
"चार डॉलर वीस सेंट. नातवाच्या गाडीचा मी स्वतः बदलला,
टॉर्च दातांत धरून. हा जादा घेतलेला.
पावती आणलीय. आमच्या घरी पावत्या फेकत नाहीत.

टेव्हियन रात्रपाळीला जायचा, मटार गोठवायच्या कारखान्यात.
सहा मैल. दोन वर्षांत एकोणीस वेळा अडवला.
हात स्टिअरिंगवर दहा आणि दोनवर, हे मीच शिकवलेलं,
पण मी ते
गाडी वळवण्यासाठी शिकवलं होतं.

एकोणिसाव्या वेळी दिवा चालू होता.
साहेब म्हणाले, लुकलुकत होता.
हा म्हणाला, नव्हता.
एवढंच. 'नव्हता.'
त्या एका शब्दाचे एक्केचाळीस दिवस.
जामीन पंधराशे, आमच्याजवळ नऊशे.
खटला नंतर मागे घेतला त्यांनी.
नोकरी कुणी मागे दिली नाही."

पिवळा.

"माझा कुणावर राग नाही, असं म्हण,
असं चर्चमधल्या बायकांनी बजावलंय.
तर, म्हटलं.
मिस्टर हॅलव्हर्सन, तुम्ही आज त्या खुर्चीत आहात.
दुसरीत असताना तुम्हाला बस लागायची.
वळणावर एका हातानं बस सांभाळत
दुसऱ्या हातानं तुमच्या तोंडाशी पिशवी कुणी धरली?"

लाल.
अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद, वेळ संपली.
"लाल दिव्याला थांबते मी," ती म्हणाली,
"कुणी बघत नसलं तरी."
आणि खाली बसली.

मी लिहिलं: श्रीमती ओक्स ठरावाच्या बाजूनं बोलल्या.

मग पोलीसप्रमुख. त्यांना सिग्नल नव्हता.
गावात शंभरातली अकरा माणसं काळी,
अडवलेल्यांत शंभरातली चव्वेचाळीस:
हे त्यांच्याच अहवालात होतं, पान नऊ, तळटीप.
ते पान कुणी उलटलं नाही.
मला माहीत, कारण पानं मीच टाचली होती.
मी काही बोलले नाही. कारकुनाला तीन मिनिटंही नसतात.
असं मी स्वतःला बावीस वर्षं सांगत आलेय.

मतं तीन-तीन. हॅलव्हर्सन तटस्थ.
ठराव समितीकडे.
समितीवर अजून कुणाची नेमणूक नाही.
काय दिवे लावले आम्ही,
ते लिहायला रकाना नाही.

बाहेर पार्किंगमध्ये थंडी. मी गाडी सुरू केली,
ब्रेक दाबला, तर काचेवर टकटक.
व्हर्लीन. "बाई, तुमचा डावा दिवा गेलाय."
उतरून पाहिलं. काच फुटलेली, आत पालापाचोळा,
कोळ्याचं जुनं जाळं.
"कधीपासून?" तिनं विचारलं.
मला आठवेना.
पानगळ एकदा होऊन गेली असावी त्यात. की दोनदा?

तिनं रुमाल सोडला, बल्ब माझ्या तळहातावर ठेवला.
माझ्या गाडीला तो बसत नाही. हे दोघींनाही माहीत होतं.

घरी जाताना नदीच्या पुलावर गस्तीची गाडी समोरून आली,
मग मागे वळून बराच वेळ माझ्या पाठोपाठ राहिली.
सिग्नलला शेजारी येऊन थांबली.
आतल्या पोरसवदा पोलिसानं मला पाहिलं,
हसला,
आणि हात केला.