बंदूक जमा आहे

इलेक्शन लागलं, बंदूक दहिवडीच्या ठाण्यात जमा.
पावती खिशात, चार घड्या घातलेली:
दुनळी एक, काडतुसं एकोणीस,
दस्ता तडकलेला, सुतळीनं बांधलेला.
सुतळीसुद्धा सोडली नाही लिहिणाऱ्या हवालदारानं.
माझ्या कुत्र्याचं नाव हवाल्या,
म्हणून ठाण्याच्या आवारात हाक मारली नाही,
नुसती शीळ घातली.
लिंबाखाली बसून त्यानं मला पाहिलेलं,
बंदूक घेऊन आत जाताना,
मोकळ्या हातानं बाहेर येताना.

परवान्यावर लिहिलंय: पीकसंरक्षण.
तितराचं नाव त्यात नाही,
मीही कधी घेतलं नाही.

स्वाती लागली. माळावर कुसळं पिवळी,
तरवड फुलून दमलेला,
बाजरी खळ्यात, शाळू वीतभर.
पहाटे ओढ्यापलीकडच्या नेपतीतून
कतीतर्र, कतीतर्र,
कुणी गंजका रहाट ओढावा तसं.
हवाल्या खुंटीकडं बघतो.
खुंटीकडं, मग माझ्याकडं.

गेलो शेवटी. हातात चिव्याची काठी.
शिंगणापूरचा डोंगर अजून निळा,
धोतराला ओली कुसळं.
बांधावर रंगू मदने भेटला, तंबाखू मळत.
"आज काय, मतं मागाय निघाला?"
आणि आला बरोबर, विचारलं नसताना.
मूठ अर्धी मिटून रंगू असा काही घुमतो
की खुद्द तितर उत्तर देतं,
कधी कधी भांडायलाही येतं.

हवाल्याची आई धनगरवाड्यावरची.
बापाचं कुणी सांगत नाही;
रंगू म्हणतो, साताऱ्यातल्या कुणा साहेबाचं कुत्रं.
पुढचा पाय उचलून थांबायला
त्याला शिकवलं नाही कुणी.
चालता चालता थांबला तो.
उजवा पाय हवेत, नाक एका बोरीच्या जाळीकडं,
शेपटी सरळ, टोकाला बारीक थरथर.
सारा माळ त्याच्या नाकाशी येऊन उभा राहिला.

मांजरपाट फाडावं तसा आवाज,
आणि सात तितरं उधळली, बुटकी, तांबूस, जमिनीसरशी.
काठी माझ्या खांद्याला लागलेली.
डावा डोळा मिटलेला.
नळी हातभर पुढं, शेपटीमागं नाही,
हेही हातानं आपलं आपण केलेलं.
"ठो," रंगू म्हणाला, हळूच, चेष्टेनं नाही.

हवाल्या सुटला.
जिथं पडायला हवं होतं तिथं गेला,
तिथून वर्तुळ, मग मोठं वर्तुळ.
करडईची पट्टी, घाणेरी, ओढ्याची दरड,
पुन्हा पहिली जागा.
ऊन चढलं. रंगू चिलीम ओढून संपवून बसला.
"बोलाव की त्याला."
मी बोलावलं नाही. काय म्हणून बोलवायचं?

आला आपणच. जीभ लोंबती, तोंड रिकामं,
कानात कुसळं.
माझ्यापासून दोन हातांवर बसला
आणि मान वळवली त्यानं,
सांडल्यावर पोरगं वळवतं तशी.
त्याला वाटलं, हरवलं ते त्याच्याकडून.

"शाबास," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

गेल्या साली एक तितर सोललं होतं
घरामागं तीन दगडांच्या चुलीपाशी,
आमची ही ते घरात घेत नाही.
पोटाच्या थैलीत गवताचं बी, दोन मुंग्या
आणि बाजरीचे चार दाणे, माझ्याच रानातले.
मोजले होते मी. मग मीठ लावलं.

निकाल लागला. गुलाल उडाला, फटाके वाजले,
फटाक्यांना हवाल्या उठून उभा राहायचा,
जिकडं वाजेल तिकडं बघायचा,
पडलेलं शोधायला निघायचा
आणि वेशीवरून परत यायचा.

सात दिवसांत बंदूक न्यायची असते.
आज बारावा.
ओढ्यापलीकडं बोलतंय एक.
हवाल्यानं एक कान उचलला,
मी खिशातली पावती चाचपली.
दोघंही बसून आहोत.